पाठीवरचं ओझं: सैनिकी सॅक, पाउच आणि पट्ट्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत भटकणारे, भरतीची तयारी करणारी मुलं आणि ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत आहे अशी माणसं मला सतत प्रश्न पाठवतात. मी स्वतः फौजेत नव्हतो. वडील पायदळात होते. जुने सैनिकी पट्टे, पाउच, सॅक गोळा करायचे, अंगावर चढवून गड चढायचे आणि ज्यांनी ते कामावर वापरले त्यांना गाठून विचारत राहायचं, हे मी बरीच वर्षं करतो आहे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

1. सैनिकी ओझ्याचं सामान म्हणजे फक्त पाठीवरची सॅक का?

सॅक हा त्यातला शेवटचा थर. पहिला थर म्हणजे झोपतानाही हाताशी ठेवायच्या वस्तू: मॅगझिन (गोळ्या भरलेली, रायफलला लावायची पेटी), ग्रेनेड, पाणी, जखमेवरची पट्टी. त्या कंबरेच्या पट्ट्यावर किंवा छातीवरच्या पाउचमध्ये असतात. दुसरा थर छोट्या पॅकचा. एका दिवसाचा शिधा, पावसाळी कापड, जादा मोजे एवढंच त्यात. तिसरा थर मोठा पिठ्ठू, त्यात अंथरूण, कपडे, बाकी सगळं.

गोळीबार सुरू झाला की तिसरा थर सगळ्यात आधी जमिनीवर पडतो, दुसरा गरज पडली तर, आणि पहिला कधीच नाही. म्हणून 'पाण्याची बाटली कुठे ठेवायची' यावर जुने फौजी तासभर वाद घालू शकतात. बाटली पिठ्ठूत राहिली आणि पिठ्ठू मागे राहिला, तर पाणीही मागे राहिलं.

2. ॲलिस, मॉली, पीएलसीई, 37 पॅटर्न... एवढी नावं कशाची?

'37 पॅटर्न' हे ब्रिटिशांनी 1937 साली आणलेलं सुती विणीच्या पट्ट्यांचं सामान. त्यानंतर त्यांचंच 1958 चं पॅटर्न आणि 1980 च्या दशकापासून नायलॉनचं पीएलसीई. 'ॲलिस' हा सामानाचा संच अमेरिकी सैन्याने जानेवारी 1973 मध्ये स्वीकारला, 'मॉली' हा त्यांचाच पुढचा संच 1997 मध्ये आला. भारताचा या यादीशी जवळचा संबंध 37 पॅटर्नमुळे आहे. त्याबद्दल प्रश्न 6 पाहा.

3. एक फौजी म्हणतो मॉली उत्तम, दुसरा म्हणतो फेकून द्या. खरं कुणाचं मानायचं?

दोघांचंही. फक्त तो कशासाठी आणि कुठे चालत होता, हे आधी विचारा.

चिलखती गाडीत बसून जाणाऱ्या जवानाला कंबरेच्या मागच्या बाजूचे पाउच नकोसे वाटतात, कारण बसलं की ते पाठीत रुततात आणि हात तिथे पोहोचत नाही. तेच पाउच डोंगरात दहा दिवस पायी गस्त घालणाऱ्याला प्रिय असतात, कारण वजन कंबरेवर बसतं आणि वर पिठ्ठू ठेवायला जागा उरते. रेडिओवाल्याला बॅटऱ्यांचं वजन छळतं. मशीनगनवाल्याला पट्ट्यातल्या गोळ्यांचं. नर्सिंग असिस्टंटला अंधारात, न बघता, हाताला अचूक वस्तू लागायला हवी असते. प्रत्येकाला वेगळं सामान चांगलं वाटणारच.

आणखी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. मत कधीचं आहे हेही विचारायला हवं. नवीन सामान मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण कुरकुरतो, कारण जुन्याची बोटांना सवय असते. खरं मत सहा महिन्यांनी येतं: शिवण उसवलेली असते, झिप अडकलेली असते, किंवा काहीच झालेलं नसतं. आणि वीस वर्षांनी विचारलंत तर माणूस सामानाबद्दल कमी आणि स्वतःच्या तरुणपणाबद्दल जास्त बोलतो. माझे वडील ज्या पट्ट्यांना तेव्हा वैतागले होते, त्यांच्याबद्दल पुढे मायेने बोलत. मी दोन्ही मतं खरी मानतो, पण सॅक विकत घेताना पहिलं वापरतो.

4. मग ॲलिस आणि मॉली यांत नक्की फरक काय, आणि तक्रारी कोणत्या?

ॲलिसमध्ये पट्टा, खांद्यावरचे दोन फाटे, दोन मॅगझिन पाउच आणि पाण्याच्या बाटल्या. सगळं धातूच्या क्लिपांनी पट्ट्यावर अडकवायचं. सॅकला मागे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट. ती वापरलेल्यांच्या तोंडी दोन गोष्टी हमखास येतात. पहिली कौतुकाची: तुटत नाही. नळी वाकली तर सरळ करता येते, पट्टा तुटला तर दोरीने भागतं. दुसरी तक्रारीची: चौकटीची खालची कड कंबरेच्या वरच्या भागाला घासून सोलून काढते, आणि कंबरपट्टा एवढा पातळ की सगळा भार खांद्यांवरच राहतो. त्या धातूच्या क्लिपा बरगड्यांत टोचतात आणि नको तेव्हा निसटतात. म्हणून अनेकजण त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळत.

मॉलीची कल्पना वेगळी. बनियन (म्हणजे कपड्यांवर चढवायचं, सामान अडकवायचं बिनबाह्यांचं जॅकेट), सॅक, पट्टा या सगळ्यांवर एक इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या, मध्ये एक इंच मोकळी जागा आणि दर दीड इंचावर टाका. पाउचच्या मागची पट्टी त्यातून विणत खाली न्यायची. पाउच हलत नाही आणि हवा तिथे बसवता येतो. डावखुऱ्या माणसाला पहिल्यांदाच सगळं आपल्या बाजूने लावता आलं. ही विणण्याची पद्धत इतकी पटली की जगभरच्या सैन्यांनी आणि दुकानांनी ती उचलली.

सॅकचं मात्र सुरुवातीला वाईट झालं. पहिल्या मॉली सॅकची चौकट प्लॅस्टिकची होती आणि कंबरपट्ट्याला एका गोल सांध्याने जोडलेली. तो सांधा पाठीत टोचायचा, आणि चौकट फेकाफेकीत तुटायची. सॅक ट्रकमधून फेकली जाते, विमानातून माणसासकट खाली येते, तिच्यावर माणूस बसतो. हे सगळं तिला सोसायला हवं. अमेरिकी मरीन दलाने शेवटी आपली वेगळी सॅक घेतली. भूदलाने चौकट बदलली, आणि नंतरची चौकट बरीच टिकाऊ निघाली. त्यामुळे कुणी मॉलीला शिव्या घातल्या तर कोणत्या वर्षीची मॉली, हे विचारा.

माझं स्वतःचं मत: पाउच मॉलीचे, आणि टिकाऊपणाचा धडा ॲलिसचा.

5. सैनिकाने किती वजन न्यायचं याचा काही नियम आहे का?

आहे, आणि तो जवळजवळ सगळीकडे मोडला जातो. शतकभर जुना ठोकताळा म्हणजे शरीराच्या वजनाच्या एक तृतीयांश. 70 किलोच्या जवानाला साधारण 23 किलो. अमेरिकी भूदलाच्या 1990 च्या पायी चालण्याच्या नियमपुस्तकात लढाईचं ओझं सुमारे 22 किलो आणि लढाईच्या जागेकडे चालत जातानाचं सुमारे 33 किलो अशी मर्यादा दिली होती.

2003 साली अफगाणिस्तानात त्याच सैन्याने आपल्या पॅराट्रूपर्सचं सामान मोहिमेवरच तोललं. तोलणारे स्वतः पलटणीबरोबर चालले होते. लढाईचं सरासरी ओझं निघालं सुमारे 29 किलो. चालत जातानाचं सुमारे 46. आणि तातडीच्या प्रसंगी, म्हणजे जिथे गाडी वा हेलिकॉप्टर पोहोचत नाही तिथे, सुमारे 60 किलो.

त्याआधीचं उदाहरण ब्रिटन आणि अर्जेंटिनातल्या 1982 च्या फॉकलंड युद्धातलं. 25 मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' या ब्रिटिश जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि त्यावरची मोठी चिनूक हेलिकॉप्टरं जळाली. ज्या पलटणींना उडत न्यायचं होतं त्यांना दलदलीतून चालावं लागलं: साधारण 90 किलोमीटर, तीन दिवस, पाठीवर सुमारे 36 किलो. 58 पॅटर्नचं सुती सामान ओलं होऊन जड झालं, आणि बुटात पाणी शिरून कित्येकांचे पाय सडले. तिथून परतलेल्यांची मतं मी सगळ्यात गांभीर्याने वाचतो, कारण ते सामान गाड्यांनी हलणाऱ्या सैन्यासाठी आखलेलं होतं आणि प्रत्यक्षात ते पायी वापरावं लागलं.

ओझ्याने थेट जीव घेतल्याचं ठळक उदाहरण 6 जून 1944 चं, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावरचं. खोल पाण्यात उतरलेले कित्येक अमेरिकी सैनिक गोळी लागण्याआधी अंगावरच्या वजनाने बुडाले.

6. आपल्या सैन्यात काय वापरलं जायचं?

दुसऱ्या महायुद्धात आपल्या पलटणी 37 पॅटर्न घालून लढल्या, इटलीत लढलेले मराठा पलटणींचे जवानही. ते भारतातही तयार होत असे. स्वातंत्र्यानंतर तेच चालू राहिलं. 1962, 1965, 1971 या तिन्ही युद्धांत त्याच घराण्यातले सुती पट्टे जवानांच्या अंगावर होते.

त्यातले छातीवरचे दोन मोठे पाउच पाहून लोक विचारतात की रायफलच्या गोळ्यांना एवढे मोठे कशाला. ते ब्रेन गन या हलक्या मशीनगनच्या वाकड्या मॅगझिनच्या मापाचे आहेत. सेक्शनची, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीची, मशीनगन एकच, पण तिची मॅगझिन प्रत्येक जवान थोडी थोडी वाहणार. ओझं वाटून घेण्याचा विचार थेट पाउचच्या मापात शिवलेला आहे, आणि म्हणून मला ते पाउच फार आवडतात.

वापरणाऱ्यांची तक्रार मात्र रास्त होती. सुती वीण पावसात आवळते. वडील सांगत की भिजल्यावर पाउचचा पट्टा उघडायला दात लावावे लागत. वाळला की तो कडक होऊन मानेला घासे. स्मॉल पॅक खांद्यांनाच लटकलेला, कंबरेचा आधार नाही. पितळी बकलं ब्रासोने चमकवायची ती वेगळी. आमच्या घरी माळ्यावर त्यांचा पट्टा आहे; पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या नायलॉनच्या पट्ट्याशेजारी तो तोलून पाहिला, तर कोरडा असतानाही जड भरतो.

पण हलकं ओझं म्हणजे नेहमी चांगलं, असं समजू नका. ऑक्टोबर 1962 मध्ये, चीनबरोबरच्या युद्धात, आजच्या अरुणाचलातल्या नामका चू नदीच्या काठी उभ्या असलेल्या 7 इन्फन्ट्री ब्रिगेडच्या जवानांकडे पाउचमध्ये प्रत्येकी जेमतेम 50 गोळ्या होत्या, आणि अंगावर सुती कपडे. त्यांच्या पाठीवर ओझं कमी होतं, कारण त्यांना पुरेसं दिलंच गेलं नव्हतं. ओझ्याविषयी बोलताना मला ही माणसं विसरता येत नाहीत.

7. कापड, धातू सगळं हलकं झालं, मग ओझं का वाढतंय?

जे वाचतं त्या जागी नवीन काहीतरी येतं. सुती गेलं, नायलॉन आलं, वजन वाचलं. त्यावर बुलेटप्रूफ जॅकेट आलं. डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीने 2024 मध्ये जाहीर केलेल्या 'अभेद' जॅकेटचं किमान वजन 8.2 किलो आहे, आणि ते हलकं म्हणून गौरवलं गेलं, हे योग्यच आहे. त्यावर रात्री पाहण्याची दुर्बीण, रेडिओ, त्यांच्या बॅटऱ्या.

गोळीचं गणितही पाहा. इन्सास रायफलची 5.56 मिलिमीटरची गोळी साधारण 12 ग्रॅमची. सिग 716 या नव्या रायफलची 7.62 बाय 51 गोळी साधारण 24 ग्रॅमची. 120 गोळ्या घेतल्या तर एकीकडे दीड किलोच्या आत आणि दुसरीकडे जवळजवळ तीन किलो, मॅगझिनचं वजन वेगळंच. एके-203 ची गोळी या दोघींच्या मधली. मोठी गोळी लांबवर जोराने लागते, म्हणून ती हवी असते. पण तिचं दुप्पट वजन पाउच शिवणाऱ्याने आणि हुकूम देणाऱ्याने दोघांनीही हिशोबात धरायला हवं.

8. मावळे तर हलके फिरायचे. आजचा जवान तसा का फिरू शकत नाही?

हा प्रश्न दर शिवजयंतीच्या आसपास येतो. जलद हालचाली करणाऱ्या मराठा फौजा तोफखाना आणि जड सामान मागे ठेवत, मुलुखातून दाणावैरण मिळवत आणि बरंचसं ओझं घोड्यावर असे. आजच्या जवानाला गावातून शिधा घेता येत नाही, पाणीही बरोबर न्यावं लागतं, आणि दारूगोळ्याचा वापर कित्येक पटींनी वाढला आहे. तुलना करायचीच तर माणसाशी माणसाची न करता फौजेशी फौजेची करा: सामान कोण वाहतं, आणि ते किती मागे ठेवता येतं?

9. पाउच कंबरेवर हवेत की छातीवर?

गाडीतून फिरणाऱ्याला छातीवर बरे, हे प्रश्न 3 मध्ये आलं. काश्मीरमध्ये एके रायफलच्या मॅगझिनचे छातीवरचे पाउच म्हणूनच रुळले: पटकन चढवता येतात, घराघरांत शोध घेताना अडत नाहीत.

पण पालथं पडून गोळीबार करायचा असेल तर छातीखाली तीन-तीन मॅगझिनचा थर म्हणजे माणूस जमिनीपासून वीतभर वर, आणि ती वीत महाग पडते. उतारावर स्वतःचे पाय दिसत नाहीत. छाती झाकल्याने उकाडा वाढतो. अंगावर बुलेटप्रूफ नसेल आणि वाट लांबची असेल, तर कंबरेचा पट्टा आजही सरस आहे. ब्रिटिश पायदळात जॅकेटमुळे पट्टा मागे पडला होता, तो पायी गस्ती वाढल्यावर अनेकांनी पुन्हा वापरात आणला.

10. कारगिल, सियाचीनसारख्या उंचीवर काय होतं?

तिथे सगळे आकडे बदलतात. तोलोलिंग साडेचार हजार मीटरच्या आसपास, टायगर हिल पाच हजारांहून उंच. एवढ्या विरळ हवेत मोकळ्या अंगाने चढतानाही धाप लागते. 1999 साली तिथे चढलेल्या अनेकांनी पुढे सांगितलं आहे की शिधा कमी करून त्या जागी दारूगोळा भरला. पाउच किती चांगले होते हा प्रश्न त्यांच्यासाठी दुय्यम होता. काय मागे ठेवायचं हाच मुख्य होता. खेचरं आणि स्थानिक पोर्टर नसते तर वरच्या तुकड्यांना काहीच पोहोचलं नसतं.

याला जोडून विचारतात की नेपाळी भारवाहक कपाळावरच्या पट्ट्याने एवढं ओझं कसं नेतात. नामचे बाजारच्या वाटेवरच्या भारवाहकांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला; त्यात पुरुषांचं सरासरी ओझं स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के होतं. पण ते अगदी संथ चालतात, वारंवार थांबतात, आणि 'नाम्लो', म्हणजे तो पट्टा, कपाळावर असताना मान वर करता येत नाही. सैनिकाला मान वर ठेवावीच लागते.

11. जखमी साथीदाराला उचलायचं तर अंगावरच्या सामानाचं काय?

मला आलेल्या प्रश्नांमधला हा सगळ्यात महत्त्वाचा. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खोल पाण्यातून, चढाच्या काठावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून गोळीबारात पलीकडे नेलं, आणि मग एकट्याने मशीनगनच्या ठाण्यांवर हल्ला केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेव्हा माणूस खांद्यावर घेण्यावाचून मार्ग नव्हता.

आजच्या बनियनला मानेमागे ओढण्यासाठी मजबूत पट्टा असतो. 2007 नंतरच्या अमेरिकी जॅकेटात एक दोर खेचली की अख्खं जॅकेट सुटं होतं, म्हणजे पाण्यात पडलेला वाचतो आणि डॉक्टरला जखम दिसते. सामान निवडताना मी हे दोन्ही आधी तपासतो: एका हाताने उतरतं का, आणि दुसऱ्याला ते ओढता येतं का.

12. सॅक घेऊन चालल्यावर हाताची बोटं बधिर होतात. दुर्लक्ष करू का?

करू नका. खांद्याच्या पट्ट्याखाली मज्जातंतूंचं जाळं दबलं की हात मुंग्यांनी भरतो, हात वर उचलताना जोर लागत नाही. सैनिकांमध्ये हे दुखणं जुनं आणि ओळखीचं आहे. कंबरपट्टा नसलेल्या सॅकने त्याचा धोका वाढतो. पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट बांधा, खांद्याचे पट्टे मधूनमधून सैल करा. सॅक उतरवूनही बधिरपणा राहिला तर डॉक्टरकडे जा.

13. भरतीसाठी सॅकमध्ये विटा घालून पळतो. बरोबर आहे का?

नाही. भरतीत 1.6 किलोमीटरची धाव बिनवजनाची असते. शस्त्र आणि सामानासह 5 किलोमीटरची परीक्षा भरती झाल्यावर येते, आणि तिची तयारी प्रशिक्षणात टप्प्याटप्प्याने करून घेतात. विटा घेऊन डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या मुलांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात आणि मेडिकलमध्येच स्वप्न मोडतं. आधी मोकळं पळा. वजन घ्यायचंच तर चढावर चाला, पळू नका.

14. मी उंचीने कमी आहे / मुलगी आहे. सैनिकी सॅक मला बसत का नाही?

जुन्या सैनिकी सॅक एकाच मापात, सरासरी पुरुषाच्या पाठीवर बेतलेल्या. पाठ आखूड असली की कंबरपट्टा कंबरेखाली मांड्यांवर येतो आणि सगळा भार पुन्हा खांद्यांवर. पीएलसीईच्या सॅक लांब आणि आखूड पाठीसाठी वेगळ्या मिळत. मॉलीत खांद्याचे पट्टे वरखाली करता येतात. आपल्याकडे लष्करी पोलिसांत महिला जवानांची पहिली तुकडी 2021 मध्ये तयार झाली. मापांचा विचार आता सगळ्यांसाठी व्हायला हवा.

15. राजगड-तोरण्याला जुनी आर्मी सॅक नेऊ का?

मजबुतीसाठी उत्तम, वजनासाठी वाईट. मोठी ॲलिस चौकटीसह रिकामीच तीन किलोच्या आसपास भरते. पावसाळ्यात कोणतीही सॅक असो, आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा. कातळ चढायचा असेल तर थोड्या खाली.

रंग मात्र साधा घ्या. सैनिक असल्याचा समज करून देण्यासाठी सैनिकी पोशाख वा चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे, आणि 2022 मध्ये आलेल्या आपल्या लष्कराच्या नव्या गणवेशाच्या नक्षीची नोंदणी लष्कराच्या नावावर आहे. जिथे बंदोबस्त असतो तिथे तसली सॅक तुम्हाला उगाच चौकशीत अडकवेल.

16. मुलगा अग्निवीर झाला. त्याला चांगली सॅक किंवा पाउच भेट देऊ का?

आधी त्यालाच विचारा. पलटणीत कोण काय कुठे ठेवणार हे ठरलेलं असतं, म्हणजे अंधारात शेजारच्याच्या अंगावरची जखमेची पट्टी शोधताना हात चाचपडत नाही. बाहेरचं सामान चालेल की नाही हे त्याचे वरिष्ठ सांगतील. बाजारातलं काही कापड रात्रीच्या दुर्बिणीत उजळ दिसतं, ते डोळ्यांनी पाहून कळत नाही.

द्यायचंच असेल तर पायांसाठी द्या. पायातलं एक किलो पाठीवरच्या जवळजवळ पाच किलोंइतकी दमछाक करतं. लोकरीच्या मोज्यांच्या चांगल्या चार जोड्या पाठवा. मोजे कुठल्याही पिठ्ठूत मावतात.